लायनरकाकांनी मागचे ड्रम काढले

लायनरकाका स्वतःच्या गाडीच्या मागच्या ब्रेकचे ड्रम काढून डिस्क बसवणार आहेत, ही बातमी कानावर आली तेव्हा पाटेवाल्याने हातातला घण खाली ठेवला आणि विचारलं, "का हो, घरात काही झालं का?"

प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. ज्या माणसाने एकेचाळीस वर्षं ड्रमच्या जिवावर घर चालवलं, मुलीला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं, त्याने आपल्याच गाडीतून ड्रम हाकलून द्यावेत, म्हणजे कुठेतरी काहीतरी बिनसलं असणारच. पाटेवाला शेजारच्या शेडमध्ये ट्रकचे धक्के सोसणाऱ्या कमानींचे पाटे ठोकून सरळ करायचा. काकांपेक्षा दोन वर्षांनी लहान, पण त्यांना सुखदुःखाचे प्रश्न विचारण्याइतका जुना.

"काही नाही झालं," काका म्हणाले. "जमाना बदलला."

"जमाना बदलून वीस वर्षं झाली," पाटेवाला म्हणाला. "तुम्हाला आज कळलं?"

काकांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. गल्लीत ते लायनरकाकाच. चाकाच्या आत लोखंडाचं एक गोल भांडं फिरतं, तो ड्रम. त्याच्या पोटात चंद्रकोरीसारखे दोन शू बसलेले असतात. पेडल दाबलं की ते फाकतात, ड्रमला आतून रेटून धरतात आणि गाडी थांबते. शूवर घासण्यासाठी जो जाड थर असतो, तो लायनर. झिजलेला लायनर छिनीने उडवायचा, नवा घासून त्या गोलाईत बेमालूम बसवायचा आणि पितळी रिव्हेटांनी ठोकायचा, एवढंच काकांचं काम. दोन हलके ठोके आणि एक भारी. गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला त्या ठोक्यांवरून कळायचं की काका आज खुशीत आहेत की कुणाशी भांडून आलेत.

पण नाव झालं ते त्यांच्या हाताने नव्हे, पायाने. काम संपलं की काका बूट काढायचे, उघड्या पायाने ड्रायव्हरच्या जागी बसायचे, डोळे मिटायचे आणि पेडल हळूहळू दाबायचे. बाहेर गाडीचा मालक, त्याचा क्लीनर, दोनचार रिकामटेकडे, सगळे गप्प. तिसरी घंटा झाल्यावर नाट्यगृहात पसरते तशी शांतता. मग काका डोळे न उघडता म्हणायचे, "मागचा उजवा उशिरा लागतोय. चाक काढा." चाक काढायचं आणि तसंच निघायचं. लांबलांबचे ट्रकवाले वाट वाकडी करून यायचे ते या पायासाठी. एकाने तर, काकांच्या पायाचा विमा उतरवून देतो, असं भर गल्लीत जाहीर केलं होतं.

सुरुवातीला दुकानात मदतनीस ठेवण्याची ऐपत नव्हती. ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा राहिली तर पेडल स्पंजासारखं लागतं, म्हणून ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने गाडीखाली झोपून हवा सोडायचं निपल सैल करायचं, दुसऱ्याने पेडल दाबायचं. ती दुसरी व्यक्ती म्हणजे काकांची बायको. लग्नाला चार महिने झाले होते. खालून आवाज यायचा, "दाब." वरून उत्तर, "दाबलं." खालून, "सोड." वरून, "सोडलं." पाटेवाला तेव्हापासून म्हणत आलाय की या नवराबायकोंनी आयुष्यात एकमेकांशी एवढंच संभाषण केलं आणि म्हणून संसार टिकला.

मग गाड्यांना डिस्क आले. चाकाबरोबर फिरणारी एक ताटली आणि तिला दोन बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर. आतलं झिजलेलं पॅड काढायचं, नवं सरकवायचं. रिव्हेट नाही, ठोका नाही, डोळे मिटणं नाही. काकांच्या दुकानाच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे.

बायकोच्या किडन्या गेल्या ती गोष्ट त्यानंतरची. आठवड्यातून तीन दिवस रक्त शुद्ध करून घ्यायला जायचं. हॉस्पिटल अकरा किलोमीटरवर, वाटेत नदीचा पूल आणि पुलाकडे उतरणारा लांब उतार. नेणं-आणणं काकांनी स्वतःकडे घेतलं. मुलगी नोकरी करत होती, तिला सोमवारी सकाळी सुट्टी कोण देणार?

आणि त्या अकरा किलोमीटरांत एक नवलच घडत गेलं. घरात ती आजारी बाई होती. गोळ्या, पाण्याचं माप, मिठाचा डबा वरच्या फळीवर, पायाला सूज आली का बघ, नाही आली का बघ. गाडीचं दार लागलं की ती नुसती बाई व्हायची. नर्सची नक्कल करायची. नणंदेने तीस वर्षांपूर्वी काय टोमणा मारला होता आणि आपण काय उत्तर द्यायला हवं होतं, ते ऐकवायची. एकदा तिने काकांना सांगितलं की लग्नाआधी तिला टायपिस्ट व्हायचं होतं आणि ती चोरून टेबलावर बोटं आपटून सराव करायची. चव्वेचाळीस वर्षांत काकांना हे माहीत नव्हतं. त्यांनी गाडी आणखी हळू चालवली.

परत येताना ती दमून झोपायची. पण जाताना बोलायची. काका त्या जाण्यासाठी जगत होते म्हटलं तरी चालेल.

म्हणूनच हॉस्पिटलच्या फाटकापाशी गाडी थांबली नाही, तेव्हा त्यांनी आधी शेजारच्या सीटकडे पाहिलं. वेग फार नव्हता. रखवालदार नुकताच पाणी प्यायला उठला होता, त्याची खुर्ची तेवढी गाडीच्या नाकावर बसून फाटकापर्यंत गेली. फाटक वाकलं, बोनेट वाकलं, बायकोच्या कपाळाला टेंगूळ आलं. माणसं जमली. काकांनी उतरता उतरता सांगितलं, "ड्रम तापले. मागचे ड्रम धरले नाहीत."

तेच त्यांनी रखवालदाराला सांगितलं, मग डॉक्टरांना, मग मुलीला फोनवर. एकेचाळीस वर्षांत गिऱ्हाइकाने ड्रमला नाव ठेवलं तर काका त्याची गाडी परत पाठवायचे. आता स्वतः ठोकलेल्या लायनरांवर त्यांनी पाच मिनिटांत आळ घेतला. जीभ अडखळली नाही, याचं त्यांना नंतर नवल वाटलं.

मुलगी संध्याकाळी आली. आईच्या कपाळाकडे तिने एकदा पाहिलं आणि वळली.

"बाबा, गाडी विकून टाका. मी ड्रायव्हरसकट गाडी लावते."

"ब्रेकचा दोष आहे गं. दुरुस्त करतो."

"तुम्ही दुरुस्त केलेलेच होते ना ते?"

काकांनी वाकून पायापाशी पडलेल्या चपला सरळ केल्या.

"माझ्या ऑफिसातल्या एकाकडे हीच गाडी आहे, वरचं मॉडेल. त्याला मागेही डिस्क आहेत. तसे बसवा. मी स्वतः चालवून बघणार. तोपर्यंत आई टॅक्सीने जाईल. आणि जमलं नाही तर गाडी विकायची, मग तोंड पाडून बसायचं नाही."

"तुझ्या आजोबांनीसुद्धा मला असं बोलून दाखवलं नव्हतं."

"आजोबांच्या हयातीत त्यांच्या मुलीला टेंगूळ आलं नव्हतं," मुलगी म्हणाली.

तर असे ड्रम निघाले. काकांनी पाटेवाल्याच्या शेडमधला, गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा तीन आठवड्यांसाठी मागून घेतला. गावाबाहेरच्या भंगारवाल्याकडे त्याच गाडीचं वरचं मॉडेल पडलं होतं, त्याचा अख्खा मागचा अ‍ॅक्सल त्यांनी उचलला. कॅलिपर सुटे करून तारेने बांधलेले, एकावर रंगाने एक ठिपका, दुसऱ्यावर दोन. "एक म्हणजे डावा, दोन म्हणजे उजवा," भंगारवाला म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

जुना अ‍ॅक्सल सोडवायला चार दिवस गेले. बोल्ट गंजून एकजीव झालेले. काका रोज सकाळी त्यांना तेल पाजायचे आणि संध्याकाळी पाना लावून बघायचे. पाटेवाल्याने गॅसने तापवून दिले तेव्हा एकेक करून कुरकुरत सुटले. नवा अ‍ॅक्सल घासून रंगवला, जॅकवर चढवला, रबरी बुश नवे घातले. नळ्या बदलल्या. त्याच वरच्या मॉडेलचा, पेडलचा दाब तेलाला देणारा मास्टर सिलिंडर आणि मागचा दाब आवरणारा व्हॉल्व्हही बसवला, कारण ड्रमच्या हिशोबाचा दाब डिस्कला चालत नाही. हे त्यांनी वाचून, विचारून शिकून घेतलं. अडुसष्टाव्या वर्षी.

एका गोष्टीने मात्र त्यांना मनापासून हसू आलं. डिस्क उपसून पाहिला तर त्याच्या पोटात हॅंडब्रेकसाठी एक चिमुकला ड्रम, त्यात तळहाताएवढे दोन शू. "बघ," त्यांनी पाटेवाल्याला हाक मारली. "एवढा रुबाब करतात आणि उभं राहायला ड्रमच लागतो." त्या शूंना त्यांनी स्वतःच्या हाताने लायनर लावले. गल्लीत दुकान गेल्यापासून पहिल्यांदाच दोन हलके आणि एक भारी ठोका ऐकू आला.

हवा काढायच्या दिवशी बायको हट्टाने आली. "अहो, दुसऱ्या कुणाला नका बसवू. ते माझं काम आहे." पाठीशी उशी घेऊन ती ड्रायव्हरच्या जागी बसली. काका खाली.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

"सोडलं. तुमचा आवाज म्हातारा झाला हो."

"तेल बघू दे. बोलू नको."

निपलमधून तेल स्वच्छ येत होतं, एक बुडबुडा नाही. चारही चाकांचं झालं. काका खड्ड्यातून वर आले, हात पुसत म्हणाले, "झालं."

"नाही झालं," बायको म्हणाली. "मऊ लागतंय."

"तेलात एक बुडबुडा नव्हता."

"नसेल. पण पेडल खाली जातंय. तळाला टेकतंय."

"तुझ्या पायात ताकद राहिली नाही म्हणून तसं वाटतं."

"ताकद नसती तर खाली गेलंच नसतं की," बायको म्हणाली. "हट. बसा तुम्ही."

काका बसले. बूट काढले. डोळे मिटले. पाय ठेवला आणि दाबला. पेडल त्यांना घट्ट लागलं, दगडासारखं.

"उत्तम आहे," ते म्हणाले.

ती दाराला धरून उभी होती. तिने वाकून आत पाहिलं. "अहो, पेडल फरशीला लागलंय."

काकांनी डोळे उघडले. पायाखाली पाहिलं. पेडल खरंच फरशीला टेकलं होतं. त्यांना जे घट्ट लागत होतं, ती फरशी होती.

ते उतरले आणि दाराशी गुडघ्यांवर बसले. तळहाताने पेडल दाबलं. मळलेल्या कणकेत हात जावा तसं ते आत गेलं. पुन्हा बसले, उघड्या पायाने दाबलं. काही नाही. म्हणजे मऊही नाही, कडकही नाही. पाय तिथे आहे हे त्यांना डोळ्यांनी दिसत होतं म्हणून कळत होतं. पंधरा वर्षांची साखर. डॉक्टर दरवेळी तळव्याला टाचणी लावून विचारायचे, टोचतंय का? काका दरवेळी टाचणीकडे बघून म्हणायचे, हो.

बायकोला ते म्हणाले, "हवा आहे. तू बरोबर होतीस." पायाचं तिला सांगितलं नाही.

चूक कुठे आहे, हे शोधण्यात त्या दिवशी त्यांना आसरा मिळाला. पुन्हा खड्ड्यात उतरले, बॅटरी लावून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. हवा वर जाते, म्हणून निपल कॅलिपरच्या डोक्यावर असायला हवं. इथे दोन्हीकडे ते तळाशी होतं. तेल स्वच्छ येणारच, हवा वर मजेत बसली होती. डावा कॅलिपर उजवीकडे गेला होता आणि उजवा डावीकडे. त्यांनी भंगारवाल्याला फोन लावला.

"ठिपके उलटे आहेत रे तुझे."

"उलटे नाहीत काका. माझ्याकडे गाड्या उताण्या टाकलेल्या असतात, चाकं वर. मी मागे उभा राहून जसं दिसेल तशी खूण करतो. सगळे फिरवून घेतात. तुम्हाला माहीत नव्हतं?"

काकांना कुठून माहीत असणार? आयुष्यात त्यांनी भंगारातून ब्रेक विकत घेतला नव्हता. त्यांच्याकडे गाड्या चाकांवर उभ्या राहून यायच्या.

दुसऱ्या दिवशी कॅलिपर अदलाबदल झाले. बायको पुन्हा उशी घेऊन बसली. या वेळी बुडबुड्यांची रांग लागली, तेल फसफसत बाहेर आलं. तिसऱ्या दाबाला ती म्हणाली, "हं. आता लागलं." तिचा आवाज एकदम पंचविशीतला झाला. पाटेवाल्याने पुढे येऊन दाबून पाहिलं. "मख्खन," तो म्हणाला. "काका, तुम्ही बघा."

काका बसले. दोघं बघत होती, म्हणून त्यांनी सवयीने डोळे मिटले. दाबलं. कालची फरशी आणि आजचा ब्रेक, दोन्हींत त्यांच्या पायाला कणभर फरक नव्हता.

त्या मिटलेल्या डोळ्यांआड त्यांना हॉस्पिटलचं फाटक दिसलं. ड्रम तापले नव्हते. अकरा किलोमीटर हळूहळू आलेल्या गाडीचे ड्रम तापत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्या दिवशी त्यांनी दाबलं होतं. जोर लावून दाबलं होतं. कशावर, ते त्यांना आजही सांगता आलं नसतं.

"कसा आहे?" बायकोने विचारलं.

"चांगला आहे," काका म्हणाले. गाडीविषयी ते खरंच होतं.

शनिवारी मुलगी आली. किल्ली घेऊन एकटीच गेली, पूल ओलांडला, उतारावर मुद्दाम दोनदा जोरात ब्रेक लावले आणि हसत परत आली. "बाबा, मानलं तुम्हाला. एका जागी खिळतेय गाडी. सोमवारपासून टॅक्सी बंद. घ्या." तिने किल्ली पुढे केली.

बायको ओट्यावर बसली होती. तिने सोमवारी नेसायची साडीसुद्धा काढून ठेवली होती, हे काकांना माहीत होतं. किल्ली हवेत होती. हात पुढे करायचा आणि घ्यायची, एवढंच करायचं होतं. दोन दिवस त्यांनी मनात तेच घोकलं होतं. डोळ्यांनी बघून दाबीन. हॅंडब्रेक हाताशी ठेवीन. सकाळी लवकर निघू, रस्ता रिकामा असतो. फाटकाच्या अलीकडेच थांबवीन. हे सगळं त्यांना मुखोद्गत होतं आणि तोंडातून मात्र दुसरंच बाहेर आलं.

"मी चालवणार नाही."

"म्हणजे? आता तर डिस्क बसवले."

"डिस्क चांगले आहेत. ड्रमही चांगले होते." काका खाली बघत होते. "माझा पाय गेलाय. पेडल कळत नाही मला. त्या दिवशी पाय कुठे होता, तेही कळलं नव्हतं."

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "कधीपासून?"

"कळत असतं तर तेव्हाच कळलं असतं."

"आणि मग हे तीन आठवडे काय चाललं होतं? अ‍ॅक्सल काय, रंग काय. मला वाटलं, बाबा किती राबतायत." तिने पुढे केलेली किल्ली मागे घेतली. "तुम्ही आईला घेऊन पुलावरून जात होतात, बाबा. आठवड्यातून तीनदा."

काकांनी मान हलवली. मुलीने किल्ली पर्समध्ये टाकली, ओळखीचा एक ड्रायव्हर आहे, तो सोमवारी साडेसातला येईल, असं सांगितलं आणि निघताना वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातानेच त्यांना जास्त लागलं.

ती गेल्यावर बायको ओट्यावरून उठली नाही. काका तिच्या शेजारी जाऊन बसले.

"सांगितलं नसतंत तर काय झालं असतं?"

"अगं, तू त्या गाडीत असतीस."

"मी कुठे जास्त दिवस असणार आहे, गाडीत किंवा बाहेर?" ती म्हणाली. रागाने नाही. भाजी चिरताना बोलावं तसं. "जेवढे दिवस आहेत तेवढे तुम्हीच न्यायला हवं होतं मला."

काकांनी तिचा हात हातात घेतला, तो तिने काढला नाही, पण तिची बोटं मिटली नाहीत. त्यांनी आयुष्यभर गाड्या थांबवण्याचं काम केलं होतं. आज प्रथमच त्यांना वाटलं की ते नको तिथे थांबले. आणि लगेच कळलं की तसं नाही, हेच बरोबर होतं. बरोबर असण्याने छातीवरचा दगड तसूभरही हलला नाही.

सोमवारी साडेसातला ड्रायव्हर आला. नीटनेटका, मितभाषी, पन्नाशीचा माणूस. त्याने आसन चार बोटं पुढे सरकवलं, आरसा आपल्या उंचीला लावला. "हॉस्पिटलपर्यंत मागे बसणं सोयीचं पडेल, ताई," असं म्हणून त्याने बायकोसाठी मागचं दार उघडलं. काका पुढे, त्याच्या डाव्या हाताला बसले.

गल्लीच्या तोंडाशी त्याने ब्रेक लावून पाहिला. "जुन्या गाडीला असा ब्रेक पाहिला नव्हता," तो म्हणाला. "कुणी बसवला?"

"मी," काका म्हणाले.

"हात आहे तुमचा."

उतार आला, पूल आला. खाली नदीत म्हशी डुंबत होत्या, त्यांच्यावर ती एरवी काहीतरी बोललीच असती. काकांनी मान वळवून मागे पाहिलं. ती हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती, परक्या माणसाच्या गाडीत बसावं तशी, आणि बाहेर बघत होती.

"बरं वाटतंय ना?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

पुढच्या साडेसहा किलोमीटरांत ती एकदाच बोलली, तेही ड्रायव्हरशी. म्हणाली, "भाऊ, तेवढी खिडकी वर करता का?"